गुडगुड्याचं तिकीट : शाळा टाळणाऱ्या मुलाबरोबरची सहा सत्रं

पाचवीतला मुलगा, वय साडेदहा. गाव सातारा जिल्ह्यातलं, हायस्कूल तालुक्याच्या गावी, ११ किलोमीटरवर. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत तो हौसेनं जायचा. जूनमध्ये हायस्कूलला नाव घातलं आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात परिपाठाच्या रांगेत उभं असताना त्याला उलटी झाली. शेजारच्या दोघांच्या बुटांवर शिंतोडे उडाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात दुखायला लागलं, आणि मग रोजच. ऑगस्टअखेर २३ दिवस बुडाले होते. सप्टेंबरमध्ये आई त्याला समुपदेशकाकडे घेऊन आली.

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. यातला मुलगा म्हणजे कुणी एक खरा मुलगा नव्हे. पण पाचवीला शाळा बदलताना अडणारी मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यातली प्रत्येक गोष्ट ओळखीची वाटेल. एकूण सहा सत्रं झाली. सामान म्हणून लागलं ते तेलखडूंची एक पेटी, कोरे कागद आणि बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा.

आधी काय तपासलं

पोटदुखीला ‘मनाचं आहे’ म्हणण्याआधी बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी हवी, हा पहिला नियम. इथे ती होती. वजन घटलेलं नाही, शौचातून रक्त नाही, ताप नाही, झोपेतून उठवणारी कळ नाही, दुखणं बेंबीभोवतीच. जंताचं औषध देऊन झालं होतं. यातलं एक जरी उत्तर उलटं आलं असतं तरी काम थांबवून मुलाला पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं असतं. आईच्या बोलण्यातून दुसरी खूण मिळाली. रविवारी दुखत नाही, सणाला दुखत नाही, आणि शाळेच्या दिवशीसुद्धा दहा वाजून गेले की दुखायचं थांबतं.

मग वीस मिनिटं मुलगा एकटा. शाळेत कुणी मारतं का, कुणी नको तिथे हात लावतं का, बसमध्ये कुणाची भीती वाटते का, शाळेतल्या संडासात जातोस का, हे सगळं सरळ शब्दांत विचारलं. आडून विचारलं तर मुलं आडूनच उत्तर देतात. लैंगिक अत्याचाराची शंका आली असती तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक होतं, आणि ‘तू सांगशील ते बहुतेक सगळं आपल्यातच राहील, पण कुणी तुला इजा करत असेल तर मला ते मोठ्यांना सांगावं लागेल’ हे त्याला सुरुवातीलाच सांगितलं होतं. तसं काही निघालं नाही. निघालं ते एवढंच की वर्गातली तीन-चार मुलं त्याला ‘ओक्या’ म्हणतात.

चौथीच्या पुस्तकातला एक उतारा वाचून घेतला आणि पाच ओळी शुद्धलेखन घातलं. वाचन-लेखनाची अडचण शाळेच्या भीतीमागे दडून बसलेली पुष्कळदा सापडते, आणि ती असली तर पुढची सगळी तंत्रं वाया जातात. याचं वाचन चांगलं होतं. झोप बरी, भूक संध्याकाळी चांगली, खेळात मन रमतं, मरून जावंसं वाटतं असं बोलणं नाही. यातलं काही बिघडलेलं असतं तर सहा सत्रांचा आराखडा धरलाच नसता, मानसोपचारतज्ज्ञांना सोबत घेतलं असतं. अशा वेळी घरच्यांना १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा आणि १०९८ हा मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक लिहून द्यावा. तोंडी सांगितलेला क्रमांक घरी पोचेपर्यंत विसरला जातो.

नऊ दहा ते नऊ पन्नास

शाळेला जाणारी एसटी बस नऊ पन्नासला. पहिल्या सत्राचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे त्याआधीच्या चाळीस मिनिटांचं चित्र. आईला ‘सकाळी काय होतं?’ असं मोघम न विचारता ‘काल सकाळी नऊ दहाला तो कुठे होता? मग तुम्ही काय म्हणालात? मग?’ असं मिनिटामिनिटानं विचारलं.

नऊ दहाला अंघोळ, गणवेश. नाश्ता नको म्हणतो, कारण पोटात काही नसलं तर उलटीत पडणारही काही नाही. सव्वानऊला पोट गुडगुडतं, उपाशीपोटी ते गुडगुडणारच. ‘आई, आज उलटी होईल का?’ आई म्हणते, ‘नाही रे राजा, नाही होणार.’ दोन मिनिटांनी पुन्हा तेच. आदल्या दिवशी हा प्रश्न नऊ वेळा आला होता. साडेनऊला आजी ओवा आणि काळं मीठ तळहातावर देते, पाठ चोळते. नऊ चाळीसला वडील उठतात. साखर कारखान्यातली रात्रपाळी करून आलेला माणूस, झोपमोड झालेली, आवाज चढतो. मुलगा रडतो, आई मध्ये पडते. नऊ पन्नासला बस जाते. दहा वाजून पाच मिनिटांनी मुलगा पोह्यांची बशी मागतो, आणि साडेदहाला मोबाइल हातात असतो.

यात कुणाचंही वागणं वाईट नाही. प्रत्येक जण मुलाला बरं वाटावं म्हणूनच धडपडतोय, आणि प्रत्येक धडपडीनं भीतीला खाऊ मिळतोय. अमेरिकेत पालो आल्टोच्या मेंटल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात दहा सत्रांच्या मर्यादेत काम करणारं अल्पकालीन उपचारांचं केंद्र सुरू झालं. तिथल्या मंडळींचं मुख्य म्हणणं हेच होतं की अडचण सोडवायला माणसं जे उपाय पुन्हा पुन्हा करतात, तेच अडचणीला धरून ठेवतात. ‘नाही होणार’ हे आईचं उत्तर दोन मिनिटं पुरतं आणि मग नवा प्रश्न जन्माला घालतं. बस निघून गेल्यावर येणारी सुटकेची लाट तर फार बलवान. दुखणं थांबतं ते शाळा टळल्यामुळे, हे शरीर रोज शिकतंय.

ख्रिस्तोफर कर्नी आणि वेंडी सिल्व्हरमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी शाळा टाळण्यामागची चार कारणं मांडली आहेत : शाळेतल्या अस्वस्थतेपासून सुटका, चारचौघांत जोखलं जाण्यापासून सुटका, घरच्यांचं लक्ष, आणि घरी मिळणारी गंमत. या मुलात पहिली दोन मुख्य आणि मोबाइलमुळे चौथी थोडी. हे ठरवणं गरजेचं, कारण चौथं कारण मुख्य असलेल्या मुलाला हळूहळू पायऱ्या चढवत बसण्यात अर्थ नसतो, आणि पहिलं कारण असलेल्या मुलाला नुसती शिस्त लावली तर भीती चिघळते.

कागदावरचा गुडगुड्या

मुलाला एका कागदावर माणसाची बाह्यरेषा काढून दिली आणि तेलखडूंची पेटी पुढे ठेवली. ‘सकाळी पोटात जे होतं ते रंगानं दाखव.’ त्यानं हिरवा उचलला, त्यावर काळा घासला, इतका की कागद फाटायला आला. बेंबीच्या जागी गोळा, त्याला गोमेसारखे पाय. समुपदेशक काही बोलली नाही. चित्र पुरं होण्याआधी ‘अरे वा’ म्हटलं की मूल आपल्यासाठी चित्र काढायला लागतं, पोटातलं काढायचं राहून जातं. पुरं झाल्यावर तिनं विचारलं, ‘याला काय म्हणायचं?’ मुलगा म्हणाला, ‘गुडगुड्या.’

अडचणीला माणसाबाहेर काढून तिच्याशी बोलण्याची ही पद्धत ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या मायकेल व्हाइट या कुटुंबोपचारतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात, कपड्यांतच शी होणाऱ्या मुलांबरोबर काम करताना घडवली. ‘मी भित्रा आहे’ या वाक्यात मुलाला हलायला जागा नाही. ‘गुडगुड्या सव्वानऊला येतो’ म्हटलं की त्याच्याबद्दल प्रश्न विचारता येतात. तो कधी येतो, किती मोठा होतो, त्याला काय आवडतं, काय अजिबात आवडत नाही? मुलाचं उत्तर : ‘त्याला मी घरी थांबलेलं आवडतं. मॅच लागली की तो झोपतो.’

पद्धत सोपी दिसते, पण ती तीन ठिकाणी हमखास फसते. एक, नाव मोठ्यांनी सुचवलं तर ते त्यांचंच राहतं. दोन, घरचे ते नाव टोमण्याला वापरतात, ‘आला वाटतं तुझा गुडगुड्या परत!’ असं म्हटलं की नाव मेलंच. म्हणून पहिल्याच सत्रात ठरलं की गुडगुड्याचं नाव आधी मुलगा काढेल, मगच बाकीचे. तीन, त्याला ठार मारायच्या गोष्टी. शूर शिपाई होऊन राक्षसाला मारायचं रूपक मुलांना फार आवडतं, पण पोट पुन्हा कधीतरी गुडगुडणारच, आणि त्या दिवशी मुलाला वाटतं की आपण हरलो. त्यापेक्षा गुडगुड्याला लहान करणं, बाजूला बसवणं, सोबत असला तरी आपलं काम करणं, अशा दिशेनं बोलणं न्यावं.

चमत्काराचा प्रश्न आणि पंधरा ऑगस्ट

स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या उपचारतज्ज्ञांनी १९७८ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात केंद्र काढलं आणि उपायकेंद्री पद्धत घडवली. तिच्यातला चमत्काराचा प्रश्न सगळ्यांना माहीत असतो : रात्री तू झोपेत असताना चमत्कार झाला आणि अडचण गेली, तर सकाळी तुला कशावरून कळेल? या मुलाला तो विचारला. उत्तर आलं, ‘शाळाच नसेल.’

नवखे समुपदेशक इथे गांगरतात, किंवा शाळा का हवी ते पटवायला लागतात. दोन्हीची गरज नाही. ‘मग दिवसभर काय करशील?’ कबड्डी. कुणाबरोबर? त्यानं दोन नावं घेतली, दोघंही वर्गातलेच. ही दोन नावं पुढे फार कामी आली. तरीही हा प्रश्न पहिल्या सत्रात घाईनंच विचारला गेला होता. मुलाचं ऐकून होण्याआधी उद्याचं सुंदर चित्र मागितलं की त्याला वाटतं, यांनाही मी लवकर शाळेत गेलेला हवाय.

जास्त उपयोग झाला तो अपवाद शोधण्याचा. जुलैनंतर असा एखादा दिवस आहे का, की गुडगुड्या आला आणि तरी तू गेलास? बराच वेळ ‘नाही’. मग आईला आठवलं, पंधरा ऑगस्ट. झेंडावंदनाला तो गेला होता. तो दिवस कसा जमला हे खोदून विचारलं. सकाळी सहाला उठून चहा-बिस्कीट खाल्लं होतं, रांगेत मागे कडेला उभा होता, शेजारी कबड्डीतला मित्र, आणि ‘तासाभरात घरी’ हे माहीत होतं. भरलेलं पोट, कडेची जागा, ओळखीचा शेजारी, ठरलेली वेळ. पुढच्या योजनेतल्या बहुतेक सगळ्या गोष्टी त्या एका सकाळीत होत्या.

तिकीट

दुसऱ्या सत्रात मोजमाप ठरवायचं होतं. शून्य ते दहाची पट्टी प्रौढांना सोयीची, पण एकाच पट्टीवर कधी ‘भीती किती’ आणि कधी ‘प्रगती किती’ विचारलं की दहाचा अर्थ एकदा वाईट आणि एकदा चांगला होतो. मूल गोंधळतं आणि सरसकट पाच सांगायला लागतं. म्हणून आकडे सोडून गुडगुड्याचं माप ठरवलं : मोहरी, शेंगदाणा, लिंबू, नारळ, कलिंगड. माप मुलानंच सुचवलं, फक्त कलिंगड आईचं.

बसमध्ये गुडगुड्या कुठे बसतो, असं विचारल्यावर मुलगा म्हणाला, ‘माझ्या मांडीवर.’ बस कोण चालवतं? ‘ड्रायव्हर.’ आणि बस थांबवायची की सोडायची हे कोण ठरवतं? मुलगा हसला. एक घंटी थांबायची, दोन घंट्या निघायची, हे एसटीनं जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. ‘कंडक्टर.’ मग जरा थांबून तोच म्हणाला, ‘माझा पास आहे. तिकीट त्याला काढावं लागेल.’

त्या वाक्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. कागदाच्या दोन बोटं रुंद, चार बोटं लांब पट्ट्या कापल्या. एका तिकिटावर चार गोष्टी : तारीख, कुठून कुठे, थांब्यावर गुडगुड्या केवढा, आणि तिसऱ्या तासाला केवढा. मापाचं चित्र काढायचं, शब्द नाही. तिकीट फाडायचं, डबल बेल द्यायची आणि निघायचं. गुडगुड्यानं मागच्या सीटवर बसायचं.

दिसायला हा खेळ. आतून तो रोजच्या नोंदींचा तक्ता आहे, तोही मुलानं भांडण न करता भरलेला. ‘रोज भीतीची नोंद ठेव’ म्हणून दिलेली वही चौथ्या दिवशी कोरी परत येते. शिवाय तिकिटावर दोन वेळची मापं होती, आणि तीच महत्त्वाची. थांब्यावरचं माप एकटंच लिहिलं असतं तर भीतीचा साठाच जमला असता. दोन्ही शेजारी आल्यामुळे चौथ्या सत्रात ३१ तिकिटं जमिनीवर पसरून मुलानं स्वतः मोजलं : थांब्यावर नारळ किंवा कलिंगड १९ वेळा, तिसऱ्या तासाला फक्त ३ वेळा. ‘हा थांब्यावर जास्त फुगतो,’ असं तो म्हणाला. हे वाक्य समुपदेशकानं सांगितलं असतं तर कानावरून गेलं असतं.

पायऱ्या

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावानं ओळखल्या जाणाऱ्या लहान मुलाची सशाची भीती कमी केली, तेव्हा तो आवडीचं खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणला. शंभर वर्षांनंतरही पायऱ्यांचं तत्त्व तेच आहे. पायरी एवढी हवी की भीती वाटेल, पण पळून जाण्याएवढी नाही, आणि पायरीवर थांबायचं ते भीती थोडी ओसरेपर्यंत. भीती शिगेला असताना बाहेर पडलं तर पळणंच पक्कं होतं.

पायऱ्या अशा ठरल्या. पहिली : नाश्ता, गणवेश, दप्तर, नऊ पन्नासला थांब्यावर, बस जाऊ द्यायची. दुसरी : आईबरोबर बसनं जाऊन शाळेच्या फाटकाला हात लावून परत. तिसरी : शेवटचे दोन तास. चौथी : मधल्या सुट्टीपासून पुढे. पाचवी : परिपाठ सोडून पूर्ण दिवस. सहावी : परिपाठ, रांगेत मागे कडेला. सातवी : आईशिवाय, मित्रांबरोबर बस. तिसऱ्या पायरीत सकाळचे तास न घेता शेवटचे घेतले, कारण मग मूल सगळ्यांबरोबर शाळेतून सुटतं, दंगा करत बाहेर पडतं. सकाळी जाऊन मध्येच घरी आलं की चारचौघांसमोर पुन्हा ‘याला बरं नाही’ ठरतं.

दुसऱ्या पायरीवर मोठी चूक झाली. फाटकाला हात लावून झाल्यावर, सोबत आलेले वडील म्हणाले, ‘आलोच आहोत तर बस की वर्गात.’ हेतू चांगला, पण ठरलं होतं ते मोडलं. मुलगा फाटकातून पळाला, आणि पुढचे दोन दिवस त्यानं गणवेशाला हात लावला नाही. तिसऱ्या सत्राची पहिली दहा मिनिटं फक्त यावर गेली. वडिलांनी मुलाला सांगितलं, ‘माझं चुकलं, ठरल्यापेक्षा पुढे नेणार नाही.’ पायरी मोठी करायची असेल तर ती आदल्या संध्याकाळी, मुलाच्या होकारानं. फाटकावर नाही.

दुसरा अडथळा मुलाच्या खिशात होता. प्लॅस्टिकची पिशवी, उलटी झालीच तर. अशा वस्तू आधार देतात आणि त्याच वेळी ‘उलटी होणारच आहे’ ही खात्रीही सांभाळतात. पहिल्या दिवशी ती काढून घेणं म्हणजे हट्टाला निमंत्रण. ती खिशातून दप्तरात, दप्तरातून आईच्या पर्समध्ये, आणि सहाव्या पायरीनंतर घरी, अशी सरकवली. उपाशी राहणं मात्र पहिल्या दिवसापासून बंद : साडेआठला अर्धी भाकरी-दूध किंवा वाटीभर पोहे. रिकाम्या पोटाची मळमळ त्याला उलटीची सूचना वाटत होती.

तिसऱ्या सत्रात, डॉक्टरांना विचारून, एक प्रयोग केला. जागच्या जागी ३० सेकंद गोल फिरायचं, मग थांबून पोटात काय होतं ते बघायचं. लिंबू. पुन्हा ३० सेकंद. नारळ. उलटी? नाही. तीन वेळा करून झाल्यावर ‘उलटीसारखं वाटणं’ आणि ‘उलटी होणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याच्या पोटानंच त्याला दाखवलं. श्वासाचा सरावही दिला, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, रोज संध्याकाळी पाच मिनिटं. सकाळी थांब्यावर मुद्दाम दिला नाही. भीती घालवण्यासाठी म्हणून श्वास घ्यायला लागलं की तोही प्लॅस्टिकच्या पिशवीसारखाच आधार होऊन बसतो.

आई, आजी, वडील

आईला ‘नाही होणार’ म्हणणं सोडायचं होतं. त्याजागी मुलाचा त्रास मान्य करणारं आणि त्याच्यावर भरवसा दाखवणारं वाक्य हवं. पहिला मसुदा होता, ‘तुला भीती वाटते हे मला समजतं आणि तू ती हाताळू शकतोस असा मला विश्वास आहे.’ आईनं ते एकदा म्हणून पाहिलं आणि गप्प झाली. पुस्तकातलं वाक्य कुणाच्याच स्वयंपाकघरात चालत नाही. ‘तुम्ही तुमच्या भाषेत कसं म्हणाल?’ तिनं म्हटलं, ‘पोटात कालवतंय ना, कळतंय मला. तरी जमेल तुला. चल, बूट घाल.’ तेच ठेवलं. हे एकदाच म्हणायचं. प्रश्न पुन्हा आला तर उत्तर नाही, नुसता पाठीवर हात. पहिल्या तीन दिवसांत प्रश्न वाढतात, हे आईला आधी सांगून ठेवलं होतं. सांगितलं नसतं तर तिला वाटलं असतं की उपाय उलटला.

आजीचा ओवा बंद करायला सांगणं ही घोडचूक झाली असती. ज्या आजीनं त्याला लहानाचं मोठं केलं, तिला परक्या बाईनं येऊन ‘तुमच्यामुळे होतंय’ म्हटलं तर ती दुसऱ्या दिवशी दुप्पट ओवा देईल. म्हणून फक्त वेळ हलवली. ओवा रात्री जेवण झाल्यावर, घरात सगळ्यांनाच. आजी दृष्ट काढायची, तीही शनिवारी संध्याकाळी. सकाळी साडेनऊला मात्र आजीला दुसरं काम. ‘आजी, तिकिटं तुमच्याकडे जमा करायची. तुम्ही बघून पंच करायचं.’ आता एसटीत मशीनमधून तिकीट निघतं, पण जुन्या कंडक्टरच्या हातातला तो टकटक वाजणारा चिमटा आजीला पक्का आठवत होता. तिनं गोधडीच्या दाभणानं भोक पाडायचं ठरवलं. आजीला अक्षरं वाचता येत नव्हती, पण नारळ आणि लिंबू तिला कळत होतं. संध्याकाळी डबा उघडून ती म्हणायची, ‘आज लिंबावर आला की रं सोन्या.’

घरी राहिलेल्या दिवशी पाचपर्यंत मोबाइल आणि टीव्ही नाही, वेळापत्रकाप्रमाणे वह्या. ही शिक्षा नव्हे, आणि ती रागानं सांगायचीही नाही. फक्त घर शाळेपेक्षा गोड होऊ द्यायचं नाही.

शाळा

वर्गशिक्षिकेला भेटून तीन गोष्टी मागितल्या. दाराजवळचा बाक, शेजारी कबड्डीतला मित्र. दिवसातून दोनदा न विचारता पाच मिनिटं बाहेर जाता येईल असं कार्ड, आणि पाच मिनिटांनी परत वर्गात येण्याची अट. ‘ओक्या’ म्हणणाऱ्यांशी एकेकट्यानं बोलणं, वर्गासमोर भाषण नाही. वर्गासमोर बोललं की ज्या तीस जणांना ते नाव माहीत नव्हतं त्यांनाही कळतं.

त्यातही एक भोक राहिलंच. तिसऱ्या पायरीच्या पहिल्या दिवशी साडेतीनला वर्गात शिरताना, ज्यांना काही सांगितलं नव्हतं असे एक शिक्षक म्हणाले, ‘या साहेब, आता उजाडलं का?’ वर्ग हसला. मुलगा बसून राहिला हे त्याचं मोठं धैर्य. तिकिटावर त्या दिवशी दोन्हीकडे कलिंगड. योजना मुख्याध्यापकांमार्फत त्या वर्गावर जाणाऱ्या सगळ्या शिक्षकांना लेखी जायला हवी, हा धडा फार महागात मिळाला.

मधल्या सुट्टीतली खिचडी ही वेगळी छोटी पायरी केली. शाळेत खाणं म्हणजे उलटीला बोलावणं, असं त्याचं गणित होतं. पहिल्या दिवशी दोन घास, मित्राच्या ताटलीतून. आठवड्यानं स्वतःची अर्धी ताटली.

दिवाळीनंतर

चौथ्या सत्रापर्यंत पाचवी पायरी जमली होती आणि सगळे खूश होते. त्या आनंदात दिवाळीच्या सुट्टीची तयारी करायची राहून गेली. ही समुपदेशकाची चूक. मोठ्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस हा अशा मुलांचा सर्वांत कठीण दिवस असतो, आणि सुट्टीतसुद्धा दोनदा गणवेश घालून थांब्यापर्यंत जाऊन यायला सांगायला हवं होतं.

सुट्टीनंतरच्या सोमवारी कलिंगड. बस गेली. मंगळवारी वडिलांचा हात उठला. बुधवारी आजीनं सकाळी ओवा काढला. तीन दिवसांत जुलै परत आला.

पाचव्या सत्रात वडिलांना आधी एकट्यांना वीस मिनिटं दिली. मारण्याबद्दल उपदेश केला नाही, मारू नका हे मात्र स्पष्ट सांगितलं. ‘तो बसला नाही तर पुढे काय होईल असं तुमच्या डोळ्यांसमोर येतं?’ ते म्हणाले, ‘माझ्यासारखं. मी आठवीत सोडली.’ रागाखाली भीतीच होती, मुलाच्या भीतीएवढीच. त्यांनी स्वतःसाठी काम निवडलं : रात्रपाळीच्या आठवड्यात नऊ चाळीसला बाहेर न येणं, आणि दिवसपाळीला पाचला शाळेच्या फाटकावर मुलाला घ्यायला जाणं.

मग सगळ्यांसमोर डबा उघडला. ३८ तिकिटं. ‘ही कुणी फाडली?’ घसरण झाली की शून्यापासून सुरू करायचं नाही, दोन पायऱ्या खाली उतरायचं. पाचवीवरून तिसरीवर. पहिल्या खेपेला जी चढण तीन आठवड्यांची होती ती आता सहा दिवसांत झाली.

सहावं सत्र आणि फेब्रुवारी

शेवटच्या सत्राआधीच्या चार आठवड्यांत २४ पैकी २२ दिवस हजेरी. एक दिवस ताप, एक दिवस गुडगुड्या. मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडमधले त्यांचे सहकारी डेव्हिड एप्स्टन मुलांना पत्रं आणि प्रमाणपत्रं देत. इथेही एक पत्र दिलं, पण कौतुकाचं नाही. त्यात मुलानं काय काय केलं ते तारखांसह लिहिलं होतं, आणि शेवटी एक प्रश्न : जूनमध्ये एखादं नवं मूल पाचवीला आलं आणि त्याच्या पोटात गुडगुड्या असला, तर तू त्याला काय सांगशील? मुलानं तिथेच उत्तर दिलं. ‘खाऊन जा. दाराजवळ बस. तिसऱ्या तासाला बघ केवढा झालाय ते.’

फेब्रुवारीत आईचा फोन आला. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, आदल्या रात्रीच्या खाण्यानं, बसमध्ये त्याला खरीखुरी उलटी झाली. पिशवी नव्हती. कंडक्टरनं खिडकी उघडून दिली, पाणी दिलं. मित्रांनी दप्तर धरलं. तालुक्याला उतरून त्यानं नळावर तोंड धुतलं, शर्ट ओला करून पिळला आणि तो शाळेत गेला. परिपाठ चुकला, पहिल्या तासाला हजर.

संध्याकाळी त्यानं आजीपुढे तिकीट ठेवलं. त्यावर तारीख होती, कुठून कुठे होतं. मापाच्या दोन्ही जागा कोऱ्या. आजीनं विचारलं, ‘केवढा व्हता?’ तो म्हणाला, ‘बघायचं राहिलं.’ आजीनं दाभण घेतलं आणि भोक पाडलं.